कोरडं वजन

दिवसभर मी बायकांना एकच गोष्ट सांगते :
खोका.
जोरात. अजून थोडं जोरात.
पाय जरा फाकवून उभ्या राहा, खाली कागद अंथरलाय,
भिंतीकडे बघितलंत तरी चालेल.
पोंतेवेद्राच्या या दुसऱ्या मजल्यावर
भिंतीकडे बघण्याजोगं काही नाही, हे मला माहीत आहे.

बाल्बिना रेगेइरा. एकसष्ट.
बाळंतपणं चार, त्यातलं एक चिमट्याचं.
धंदा : आरोसाच्या खाडीत तिसऱ्या वेचणं,
एकतीस वर्षं.

कधीपासून होतंय हे, फॉर्म विचारतो.
ती म्हणाली, पाण्यात काय कळतंय, बाई?
मांड्यांपर्यंत समुद्र, हातात दाताळं,
ओहोटीचे चार तास सगळ्याच भिजलेल्या,
सगळ्याच खोकणाऱ्या, सगळ्याच मुकादमाला शिव्या देणाऱ्या.
मग गुडघे गेले. कारखान्यात डबे भरायला बसले,
कोरड्या खुर्चीवर,
तेव्हा कळलं.

पॅड आधी कोरडं तोलायचं.
अर्धा लिटर पाणी प्यायचं, पंधरा मिनिटं गप्प बसायचं.
मग जिना चढ-उतार, ऊठ-बस, दहा वेळा खोकणं,
वाहत्या नळाखाली मिनिटभर हात,
आणि जमिनीवरची वस्तू पाच वेळा उचलणं.
मी किल्ल्यांचा जुडगा टाकला.
ती गुडघे न मोडता कमरेतून वाकली,
जुडगा उचलला, वाळू झटकावी तसा झटकला,
आणि टोपली कुठाय म्हणून डावीकडे बघितलं.
पाच वेळा झालं, म्हटलं.
ती अजून वाकतच होती.

तासाने पिशवी काट्यावर ठेवणार, तर म्हणाली, थांब.
तळहातावर घेतली. डोळे मिटले.
बावीस.
काटा म्हणाला एकवीस पूर्णांक सहा.
वाळलं असेल थोडं, ती म्हणाली,
लिलावात याच्यावरच मारतात आम्हाला.

मग खुर्ची, बारीक नळ्या,
पडद्यावर तीन रेघा.
आता आत मिठाचं पाणी सोडणार, मी सांगितलं,
गार वाटेल.
म्हणजे भरती, ती म्हणाली, आणि छताकडे बघत राहिली.
एकशे सत्तरला पहिली जाणीव.
तीनशेला म्हणाली, आता घरी असते तर उठले असते.
पिशवीची रेघ सपाट. ती आपणहून आवळत नव्हती.
खोका, बाल्बिना.
दोन रेघा उसळल्या, सपाट ती सपाटच राहिली,
आणि पाणी आलं.
खोकताक्षणी, नंतर नाही, मी लिहिलं.
डॉक्टर नोगेरोलना एवढंच हवं असतं,
आणि ते खरंच महत्त्वाचं आहे :
याच्यावरून ठरतं व्यायाम की टाका,
आणि कोणती गोळी उगाच द्यायची नाही.
ती पुटपुटली, माफ कर हं.
कशाबद्दल, ते दोघींनाही माहीत नव्हतं.

कपडे चढवताना पडद्याआडून विचारलं,
आणि तुझी किती, पोरी?
दोन, म्हटलं. धाकटा साडेचार किलोचा.
ती बाहेर आली, कोटाची बटणं लावत
माझ्याकडे अशी बघितली, जशी पिशवीकडे बघितली होती.
काही बोलली नाही.
मी काटा पुसला. तो स्वच्छच होता.

तीन दिवसांची नोंद तिने
भरती-ओहोटीच्या तक्त्याच्या पाठीवर करून आणलेली, पेन्सिलीने.
टोपली उचलली. शिंक. शिंक. बसमध्ये चढले.
शनिवार : किनाऱ्यावर गेले, सगळ्यांना बघायला.
ओफेलिया चिखलात फतकल मारून बसली. हसले. खूप.

संगणकात खोकल्याला रकाना आहे, शिंकेला आहे, ओझ्याला आहे.
मी 'इतर' दाबलं.
समोर रिकामी चौकट उघडली, दोनशे अक्षरांची.
दारात पुढची बाई उभी होती, बॅग छातीशी धरून.
जरा बसा, तिला म्हटलं,
आणि सावकाश लिहिलं :
ओफेलिया चिखलात बसली.